उघाडीची पाळी

मोटार शर्यतीतली माझी कारकीर्द दीड दिवसाची. शनिवारची दुपार आणि रविवार. त्यात मी आमच्या गटात तिसरा आलो. गटात गाड्या अकरा होत्या, हे मी न विचारताच सांगून टाकतो, कारण लोक पुढे तेच विचारतात. कप अजून घरात आहे. त्याला आता हिरवट डाग पडलेत, आणि तो मी कुणाला दाखवत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वालीवला एका छोट्या कारखान्यात लेथवर होतो. शेजारच्या गाळ्यात एकाचं गॅरेज होतं, तो माझा मित्र. आम्ही दोघांनी मिळून कुणीतरी झाडावर आपटलेली एक पांढरी मारुती आठशे घेतली आणि वर्षभर रविवारी रविवारी ती उभी केली. वजन कमी करायचं म्हणून आतलं जे जे निघेल ते काढून टाकलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेला मागची सीटही नव्हती. मित्राचा हात इंजिनावर चांगला, पण गाडी चालवताना तो घाबरायचा. म्हणून चालवणारा मी ठरलो.

मुंबईचा एक मोटर क्लब पावसाळा संपला की आमच्याकडे दोन दिवसांची शर्यत भरवायचा. महामार्गाच्या कडेला मुरूम टाकून सपाट केलेली मोठी मोकळी जागा होती. तिथे टायर मांडून नागमोडी रस्ता आखायचे. एका वेळी एकच गाडी सुटायची. पुढे-मागे कुणी नाही, भांडण फक्त घड्याळाशी. शनिवारी गाड्यांची तपासणी आणि सराव, रविवारी प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. मुंबईची माणसं ट्रकवर चढवून गाड्या आणायची. त्यांत दोन-तीन बुटक्या, जमिनीला टेकलेल्या खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कारही असायच्या. आम्ही दरवर्षी दोरीपलीकडे उभे राहून धूळ खायचो. त्या वर्षी फॉर्म भरला.

आता घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव खाडीकाठचं. भातशेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि त्या बांधात एक दगडी दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती उघडली की शेतातलं जादा पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत ती बंद करायची, नाहीतर खाडी शेतात येते. बंद करायची रीत ठरलेली. दगडांतल्या खाचांत आडव्या फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या, आणि दोन रांगांमधल्या हातभर जागेत खाडीचा चिखल पेंढ्याबरोबर तुडवून ठासायचा. फळ्या बसवायला वीस मिनिटं पुरतात. चिखलाला तास-दीड तास लागतो आणि माणूस कमरेपर्यंत बरबटतो. पण पाणी अडवतो तो चिखल, फळ्या नव्हेत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

उघाडीची पाळी घराघराने फिरायची, प्रत्येकाकडे आठ दिवस. तिला ना पगार, ना कुणाची सही. ज्याची पाळी त्याच्या भरवशावर बाकीची घरं निजायची. बाबांनी चाळीसेक वर्षं पाळी केली होती. तापात केली, माझ्या आजीच्या सुतकात केली. ते फार बोलणारे नव्हते, पण गावात कुणी बांधाचं काही काढलं की आधी बाबांच्या तोंडाकडे बघायचे. ती त्यांची मिळकत होती असं मला आता वाटतं. तेव्हा मला ते चिखलातलं काम वाटायचं.

त्या आठवड्यात पाळी आमच्या घरी होती, आणि गुरुवारी बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवं फडकं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. पाळी माझ्यावर आली. शुक्रवारी मी ती नीट केली, चिखलासकट. शनिवारीही केली आणि तसाच पाय धुऊन, घाईघाईत, शर्यतीच्या मैदानावर गेलो.

तपासणीला टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी बॅटरी ओढून बघितली, हेल्मेट ठोकून बघितलं, मग दार उघडून पेडलखाली हात घातला. हाताला वाळलेला करडा चिखल लागला.

"हे काय? शेतातून डायरेक्ट आलात काय?"

आजूबाजूचे हसले. वाईट हसले नाहीत, गमतीनेच हसले.

"पेडलखाली चिखल चालणार नाही. उद्या गाडी आतून स्वच्छ पाहिजे आणि बूटसुद्धा. ब्रेकवरून पाय घसरला तर आम्ही काय करायचं? सव्वासातला ब्रीफिंग आहे. हजर नसेल त्याची फेरी कॅन्सल."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मला ते झोंबलं. शेतातून डायरेक्ट आलो होतो, म्हणूनच झोंबलं.

सरावात मात्र मी चांगली गाडी काढली. मुरुमावर गाडी मागून घसरते, तिला भिऊन ब्रेक मारला की ती फिरते. घसरू दिली तर वळते. ओल्या बांधावरून आयुष्यभर सायकल चालवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. उतरलो तर लाल स्पोर्ट्स कारवाला एक माणूस स्वतःहून जवळ आला आणि म्हणाला, "छान कापता हो तुम्ही वळणं. कुठे शिकलात?" मी म्हटलं, "असंच." घरी येईपर्यंत मी ते वाक्य शंभरदा ऐकलं. माझं वय तेव्हा सत्तावीस होतं आणि अनोळखी माणसाने माझं कौतुक केल्याची ती पहिली वेळ होती.

घरी आई ओट्यावर भाताच्या लोंब्यांची जुडी बांधत बसली होती. दुसऱ्या दिवशी कोजागिरी, आमच्याकडची नव्याची पुनव. नव्या भाताच्या लोंब्या, झेंडू आणि आंब्याची पानं बांधून दाराला लावायची आणि मग सोमवारपासून कापणीला हात घालायचा, अशी रीत. भात पिकून पिवळं झालं होतं. कापणीसाठी शेतं कोरडी हवीत म्हणून दर ओहोटीला उघाडी उघडून पाणी काढणं चाललं होतं. उघडायचं काम ज्याचं शेत ओलं तो करायचा, बंद करणं तेवढं पाळीवाल्याकडे.

बाबा म्हणाले, "उद्या पुनवेचं उधान. दुपारी बाराला पानी बांधाला लागंल. सकाळी आठाच्या आत बंद कर. आनि चिखल बोटभरही कमी नको."

मी म्हटलं, "मला सातला मैदानावर पोचायचंय."

"मग पहाटे जा. सहाला पानी पार खाली असतं."

"जाईन."

त्यांनी हिरव्या फडक्याशेजारच्या उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "नसेल जमत तर सांग. पुढच्या घरी सांगतो, तो करील. त्यात लाज नाय."

पुढच्या घरी म्हणजे गल्लीत आमच्या पुढे राहणारे काका. पाळीच्या क्रमात मात्र ते आमच्या आधी यायचे. एक शब्द टाकला असता तर ते गेले असते. पण मला वाटलं, बाबांनी चाळीस वर्षांत कधी पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घातली नाही, मी पहिल्याच आठवड्यात घालायची? आणि खरं सांगायचं तर काकांनी "कशाला?" विचारलं असतं, आणि "गाडी पळवायला" असं उत्तर मला द्यावं लागलं असतं. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची खोड मला तेव्हापासूनची. मी म्हटलं, "जमेल."

पहाटे मी उशिरा उठलो. फार नाही, अर्धा तास. उघाडीवर पोचलो तर साडेसहा वाजून गेले होते. गाडी धुवून ठेवली होती. नवे कॅनव्हासचे बूट घातले होते, ते काढून बांधावर ठेवले आणि पँट वर करून फळ्या बसवल्या. पहिली रांग, दुसरी रांग. फळ्या छान घट्ट बसल्या. मध्ये पाऊण पुरुष खोल पोकळी, आणि बाजूला शनिवारचा चिखल ढिगाने पडलेला, तो तुडवून भरायचा होता. घड्याळात सात वाजायला दहा मिनिटं होती. मी ढिगाकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि मला ते टोपीवाले गृहस्थ आठवले. दोन रांगा आहेत, मी स्वतःला म्हटलं. फुगलेल्या जुन्या फळ्या आहेत. दुपारी दोनला परत येतोच, तेव्हा भरू. आजचं एक उधाण दोन रांगा सहज काढतील.

मी पाय धुतले, बूट घातले.

घरी बाबा ओट्यावर बसले होते. गाडीची चावी घ्यायला आत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "चिखल भरलास?"

"भरला."

"पेंढा घातलास ना मधी?"

"घातला, बाबा."

त्यांनी मान हलवली. एका डोळ्याला फडकं, दुसरा तसाही अधू. माझे स्वच्छ हात त्यांना दिसले नसावेत, असं मी मानलं.

ब्रीफिंगला मी वेळेत पोचलो. गृहस्थांनी पेडलखाली हात फिरवला आणि "गुड" म्हणाले. पहिल्या फेरीत मी एक टायर उडवला, त्याची शिक्षा म्हणून पाच सेकंद वाढले. दुसरी बरी गेली. तिसऱ्या फेरीसाठी मी रांगेत उभा होतो तेव्हा डोक्यावर ऊन होतं, मुरुमाची तांबडी धूळ दातांत करकरत होती आणि मित्र खिडकीत वाकून सांगत होता, "दुसऱ्या गिअरवरच राहा, बदलू नकोस." झेंडा पडला. त्यानंतरचं सव्वा मिनिट माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोकळं सव्वा मिनिट होतं. हे मला लपवायचं नाही. गाडी माझ्या मनासारखी घसरत होती, मनासारखी सरळ होत होती. गाव, घर, कारखाना, काही डोक्यात नव्हतं. उघाडीही नव्हती. शेवटची रेषा ओलांडून थांबलो आणि मी एकटाच गाडीत हसत होतो. मित्राने घड्याळ दाखवलं. आम्ही तिसरे होतो. वेळ बाराच्या सुमाराची.

बक्षीस समारंभाला मी थांबलो. मित्र म्हणाला होता, "तू जा, कप मी आणतो." पण कप हातात घ्यायचा होता. निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते.

गावात शिरलो तर गल्लीत कुणी नव्हतं. सणाचा दिवस, दारांना लोंब्या बांधलेल्या, आणि माणूस नाही. मी गाडी तशीच बांधाच्या तोंडापर्यंत नेली.

सगळे तिथे होते. शेतात पाणी होतं. पिवळं भात आडवं पडलं होतं आणि त्याच्यावरून खाडीचं मळकट पाणी आता ओहोटीला परत निघालं होतं, उघाडीतून, धो धो आवाज करत. फळ्या गेल्या होत्या. आतली रांग मोडून काही शेतात वाहून आल्या होत्या, त्यातली एक आमच्याच शेतात उभी रुतली होती. सात घरांचं भात पाण्याखाली गेलं होतं. पिकलेल्या दाण्याला खारं पाणी लागलं की तो काळा पडतो आणि कुजतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाबा उघाडीच्या काठावर उभे होते, हिरव्या फडक्यासकट. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता. त्यांनी खाचेत हात घालून बघितलं होतं. तिथे चिखल वाहून गेल्याची खूण असती तर सापडली असती. दगडाला चिकटलेला थर कधी वाहून जात नाही. खाच स्वच्छ होती.

पुढच्या घरचे काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सकाळी तू बंद केलीस ना?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आत बाबा बोलले.

"पोराला मीच सांगितलं, नुसत्या फळ्या घाल. चिखल मी नऊ वाजता येऊन भरतो म्हनालो. आनि मला झोप लागली. गोळ्यांनी लागते."

काका थोडा वेळ बाबांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरं."

मी तिथे बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. ते सोडून मी बूट न काढताच खाली उतरलो आणि दुसऱ्यांच्या बरोबर फळ्या गोळा करायला लागलो. अंधार पडायच्या आत उघाडी बंद केली. चिखल मी ठासला, इतका की दुसऱ्याला हात लावू दिला नाही. कुणीतरी "पुरे" म्हणालं तरी मी थांबलो नाही. बाबा बांधावर बसून होते, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता घरी आलो.

त्या वर्षी गावात कापणी झाली ती वरच्या अंगाच्या शेतांची. सात घरांनी दुकानातला तांदूळ आणून सण काढले. आईने दाराच्या लोंब्या काढल्या नाहीत. त्या वर्षभर ठेवायच्या असतात. मला कुणी टोचून बोललं नाही. बोलले असते तर सोपं गेलं असतं. गाडी मी मित्राला देऊन टाकली. त्याने कारण विचारलं तेव्हा कामाचं निमित्त सांगितलं. तो अजूनही म्हणतो की मी चांगला चालवत होतो.

बाबांशी बोलायचं रोज ठरवायचो. एकदा बोललोही, निम्मं. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही खोटं..." ते जेवत होते. म्हणाले, "जेव. निवतंय." मी जेवलो.

पुढच्या वर्षी पावसाळा लागला, पाळ्या सुरू झाल्या. ज्याची पाळी संपते तो पुढच्याच्या दाराशी येऊन "उद्यापासून तुमची" म्हणून सांगून जातो. काकांची पाळी संपली त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. डोळा आता बरा झाला होता, दिसायला लख्ख लागलं होतं. काका गल्लीतून आले. आमच्या दारापुढून पुढे गेले आणि पलीकडच्या घरी जाऊन म्हणाले, "उद्यापासून तुमची."

बाबा ओट्यावरून उठले. मग आत येऊन त्यांनी आईला पाणी मागितलं. तो धरून सहा पावसाळे पाळी आमच्या घरावरून पुढे जात राहिली. बांधाचं काही निघालं तरी बाबांच्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही. ते खंगले असं म्हणणार नाही, पण ते लहान झाले. बांधाकडे जायचंही त्यांनी सोडलं. आणि मी, ज्याच्या एका वाक्याने हे थांबलं असतं, मी रोज वालीवला जात-येत राहिलो. आधी म्हटलं, आत्ताच नको, लोक तापलेत. मग म्हटलं, आता जुनं झालं, कशाला उकरायचं. मधल्या काळात माझं लग्न झालं. वेगळं राहायला फुलपाड्याला भाड्याने खोली बघितली होती, ती घेतली नाही. एवढंच काय ते मी बाबांसाठी केलं.

सातव्या वर्षी, मे महिन्यात, बाबा गेले. छातीत कळ आली आणि गेले.

दिवस चालू असताना काका रोज संध्याकाळी येऊन बसायचे. पाचव्या की सहाव्या दिवशी आम्ही दोघेच होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. साडेसहा, दोन रांगा, बूट, "भरला" म्हणालो ते. बाबा झोपले नव्हते, त्यांना काही माहीतच नव्हतं, हेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आमाला त्याच दिवशी कळलं होतं. उधानाच्या दिवशी झोपनारा मानूस नव्हता तुझा बाप."

मी म्हटलं, "मग त्यांची पाळी का काढलीत?"

"त्याची नाय काढली. तो म्हातारा झालेला, पुढं पाळी तूच करनार होतास. आमी त्याला सांगितलं, पोरानं एकदा येऊन आपल्या तोंडानं सांगावं, पाळी दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात. बाकी काय नको."

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"मीच म्हटलं, मी बोलतो पोराशी. तर नको म्हनाला. सांगून आला तर काय उपेग, म्हनाला. दर साल माझी पाळी संपायच्या दिवशी दुपारचा येऊन माझ्या ओट्यावर बसायचा. मी विचारायचो, बोलला का पोरगा काय? तर म्हनायचा, येईल."

त्यांचा ओटा आमच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे.